गिटारचं पहिलं इफेक्ट पेडल (आवाज बदलणारी, पायाने दाबायची डबी) बांधतोयस, तर…

भावा, किट सांगलीत पोचलं म्हणून आज रात्रीतच संपवायची घाई करू नकोस. आधी सगळे रेझिस्टर मल्टीमीटरवर मोज. त्यांची किंमत रंगीत पट्ट्यांवरून वाचतात, पण ट्यूबलाइटखाली लाल आणि केशरी पट्टी सारखीच दिसते. बोर्डावर बुटके भाग आधी बसव, उंच नंतर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा लांब पाय प्लसला.

खरी गोम सोल्डरिंगची. सोल्डरिंग आयर्नचं टोक बोर्डावरचं पॅड आणि भागाची तार दोन्हींना एकदम टेकव, दोनेक सेकंद थांब, मग सोल्डर लाव. ते चकचकीत पसरलं पाहिजे. गोळी होऊन बसलं तर जोड कच्चा. माझं पहिलं डिस्टॉर्शन पेडल असल्याच एका जोडापायी आठवडाभर मुकं होतं.

राउटरचा अडॅप्टर लावू नकोस. बहुतेक पेडलना 9 व्होल्ट लागतात आणि मधली पिन मायनस असते.

क्लिपिंग डायोडच्या (सिग्नल छाटून आवाज फाटका करणारे भाग) जागी सॉकेट बसव, म्हणजे ते बदलून बघता येतात. सिलिकॉन डायोड लावून ऐक, मग एलईडी: आवाज मोठा आणि मोकळा होतो. मिरजेत तंबोऱ्याची जवारी (तारांचा गुंजणारा नाद) काढताना कारागीर घोडी घासतो, तार छेडून ऐकतो, परत घासतो. तसंच कर. आणि अडलास तर बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठव.