विचारणापत्र पाठवण्याआधी

प्रिय मित्रा,

निधी देणाऱ्या संस्थेला पूर्ण प्रस्तावाआधी पाठवायच्या विचारणापत्राचा तुझा मसुदा शांतपणे वाचला. कर्णबधिर मुलांच्या पालकांना सांकेतिक भाषा शिकवण्याचं काम मोलाचं आहे, ते उभं राहायलाच हवं. पण तू किती पैसे मागतो आहेस आणि कशासाठी, हे कळायला तिसरं पान उजाडतं! निधी देणाऱ्या संस्थांकडे अशा पत्रांचा ढीग असतो. पूर्ण प्रस्ताव कुणाकडून मागवायचा, एवढंच त्यांना या पत्रावरून ठरवायचं असतं. तेव्हा पहिल्याच परिच्छेदात सांगून टाक: काम काय, कुणासाठी, किती काळ, रक्कम किती.

'आमची संस्था वंचितांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध आहे' हे तुझं वाक्य कुणाच्याही पत्रात खपेल. त्याऐवजी लिही, 'कर्णबधिर मुलांच्या 40 पालकांना वर्षभर सांकेतिक भाषा शिकवण्यासाठी अमुक रकमेची विनंती करत आहोत.' आता समोर माणसं दिसतात.

गरजेच्या परिच्छेदावर सगळ्यात जास्त वेळ घाल. 'वर्गाला खोली नाही, म्हणून खोली हवी' ही गरज झाली नाही. मूल हातवारे करून काही सांगू बघतं आणि आईला ते उमगत नाही, शेवटी दोघंही गप्प बसतात. गरज ही आहे, आणि तू ती रोज बघतोस. मग मसुद्यात ती कुठेच का नाही?

लिहायला बसण्याआधी निधी देणाऱ्या त्या संस्थेचा वार्षिक अहवाल आणि तिने आधी दिलेल्या अनुदानांची यादी नीट बघ. तुझी रक्कम त्यांच्या नेहमीच्या अनुदानांच्या आसपास आहे का? पगार, भाडं, बांधकाम यांना ते पैसे देतात का? काही संस्था तर न मागवलेली पत्रं स्वीकारतच नाहीत. नुसतं नाव बदलून एकच पत्र सगळीकडे धाडणं मला अजिबात पटत नाही. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

उरलेला खर्च कुठून भागवणार, हेही लिही. मंजूर झालेली रक्कम वेगळी दाखव, नुसता अर्ज केलेली वेगळी. त्यांनी मर्यादा दिली नसेल तर दोन पानांत आटप. मागितल्याशिवाय फोटो, प्रमाणपत्रं जोडू नकोस.

नकार आला तर आभार मानून कारण विचार. सगळे उत्तर देत नाहीत, पण जे देतात त्यांचं पुढच्या पत्राला फार उपयोगी पडतं.

आकडे आधी तुमचे हिशेब बघणाऱ्यांकडून तपासून घे, मग नवा मसुदा मला पाठव.

तुझा,
दादा