टाकीतली मोठी गोगलगाय नेमकी कोणती?

प्रश्न : ‘अ‍ॅपल स्नेल’ म्हणून आणलेली पिवळी गोगलगाय टाकीतली झाडे खाईल का? तिचे कवच पांढरे पडत आहे.

उत्तर : आपल्या तळ्यांत आढळणाऱ्या ‘पायला’ गोगलगाईचे, कवचाचे तोंड बंद करणारे झाकण चुनखडीचे व कठीण असते, तर दक्षिण अमेरिकेतल्या ‘पोमासिया’चे शिंगासारखे, किंचित लवचीक असते, म्हणून आधी झाकण पाहावे. पोमासियाच्या कवचावरील वेटोळ्यांमधला सांधा खोल खाचेसारखा असेल, तर ती बहुधा झाडे फस्त करणारी ‘कॅनालिक्युलाटा’ असते. सांधा साधारण काटकोनी असेल, तर ती ‘डिफ्युझा’ असावी, जी सहसा शेवाळ आणि कुजक्या पानांवर भागवते. बाजारातल्या पिवळ्या गोगलगाई बहुतेक याच जातीच्या असतात. कवचाची झीज बहुधा आम्लधर्मी, कॅल्शियम कमी असलेल्या पाण्यामुळे होते, तेव्हा पीएच ७ च्या वर ठेवावा. माशांसाठीचे तांबेयुक्त औषध मात्र तिच्या टाकीत घालू नये. ते तिला मारक ठरते.