गिटार ओपन डी मायनरमध्ये लावली, आता त्यात वाजवायचं काय?

तुम्ही विचारलंय की गिटार डी-ए-डी-एफ-ए-डी अशी लावल्यावर मोकळ्या तारा ऐकून अंगावर काटा येतो, पण डावा हात ठेवला की सगळं बेसूर होतं, नेहमीचा एकही कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) लागत नाही. मग हे शिकावं की सोडून द्यावं?

सोडू नका. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो आणि गेली काही वर्षं माझी गिटार बहुतेक वेळा याच ट्यूनिंगमध्ये असते. तुमची अडचण मलाही आली होती, कारण मीही जुने कॉर्ड नव्या तारांवर शोधत बसलो होतो. ते इथे नाहीतच. त्याऐवजी डी हा सा धरा आणि जाड तारेपासून वाचत या: सा, प, सा, कोमल ग, प, सा. सहापैकी पाच तारा नुसत्या सा आणि प. तानपुरा ऐकत वाढलेल्या माणसाला यात परकं काय आहे? वेगळी आहे ती एकटी तिसरी तार (तारा बारीक तारेपासून मोजतात: बारीक पहिली, जाड सहावी). सगळी कातरता तिच्यात आहे.

आधी लावण्याचं बोलू. ट्यूनर नसला तरी चालतं, कारण चौथी आणि पाचवी तार हलवायचीच नाही. सहावी उतरवत चौथीच्या खालच्या सप्तकात आणा. पहिली चौथीच्या बाराव्या फ्रेटशी (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) जुळवा, दुसरी पाचवीच्या बाराव्या फ्रेटशी. तिसरी चौथीच्या तिसऱ्या फ्रेटशी. उतरवताना तार थोडी जास्तच सैल करा आणि मग चढवत सुरावर आणा, नाहीतर ती खाचेत अडकते आणि दोन मिनिटांनी पुन्हा हलते. या चार तारांवरचा ताण साधारण २० टक्क्यांनी कमी होतो, म्हणून अगदी बारीक सेट असेल तर तारा फ्रेटवर खरखरतात. मी जरा जाड, १२चा सेट (पहिली तार ०.०१२ इंच जाडीची) लावतो.

ओपन ई मायनर हेच ट्यूनिंग दोन फ्रेट वर आहे. पण त्यासाठी पाचवी आणि चौथी तार चढवावी लागते, ताण पाव हिश्शाने वाढतो. मी एकदा चढवली, चौथी तार तुटून मनगटावर बसली, आणि सुटी तार मिळेपर्यंत आठवडा गेला. ई मायनर हवा असेल तर डीमध्येच लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा.

आता वाजवायचं काय. हे मला देवळात कळलं. आमच्याकडे भजनाला पेटी, तबला, खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीशिवाय होतच नाहीत. भजनाच्या आधी मी ओट्यावर तारा जुळवत बसलो होतो. पेटीवरच्या काकाजींनी ऐकलं, पांढरी दोन, म्हणजे पेटीवरचा डी, दाबून पाहिली, सूर मिळाला. मग म्हणाले, ‘काऊन रडून राह्यली बे ही? गंधार चढव.’ मी तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला एक बोट ठेवलं आणि सगळ्या तारा छेडल्या. शुद्ध गंधार, अख्खी गिटार एकदम उजळली. ‘आता सोड.’ बोट उचललं. पुन्हा तीच कातर सावली. असं चार-पाच वेळा झालं. मग काकाजी भाता मारत म्हणाले, ‘येवढंच वाजव बाप्पा, बाकीचं आमी गातो.’

माझं उत्तर खरं म्हणजे एवढंच आहे. तिसऱ्या तारेचा पहिला फ्रेट हे या ट्यूनिंगचं दार आहे. गिटार ओपन डी मेजरमध्ये लावली असती तर मायनर मिळवायला ती तार मोकळ्या सुराच्याही खाली न्यावी लागली असती, आणि ते बोटाने होत नाही. इथे मेजर (शुद्ध गंधाराचा) आणि मायनर (कोमल गंधाराचा), दोन्ही एका बोटावर आहेत.

पुढचे कॉर्ड सोपे आहेत. पाचव्या फ्रेटवर सरळ बार धरला, म्हणजे एका आडव्या बोटाने सगळ्या तारा दाबल्या, की जी मायनर, सातव्यावर ए मायनर. सातव्यावर बार ठेवून तिसऱ्या तारेवर आठवा फ्रेट दाबला की ए मेजर. माझा सगळ्यात लाडका मात्र बी फ्लॅट: पाचव्या आणि दुसऱ्या तारेचा पहिला फ्रेट, बाकी मोकळ्या, सहावी वाजवायची नाही. डी मायनरवरून तिथे गेलं की उन्हातून चिंचेखाली आल्यासारखं वाटतं.

पण कॉर्डपेक्षा इथे चाल वाजवण्यात जास्त आनंद आहे. अंगठा सहाव्या आणि चौथ्या तारेवर सा धरून ठेवतो, चाल पहिल्या तारेवर. भीमपलासीचा आरोह तिथे सरळ सापडतो: मोकळी तार सा, तिसऱ्या फ्रेटला कोमल ग, पाचव्याला म, सातव्याला प, दहाव्याला कोमल नी, बाराव्याला वरचा सा. शिवरंजनीही छान बसतो: सा, दुसऱ्याला रे, तिसऱ्याला ग, सातव्याला प, नवव्याला ध. मालकंस मात्र असा वाजवू नका. त्यात पंचम वर्ज्य आहे आणि तुमच्या दोन मोकळ्या तारा पंचमच गात असतात.

एकट्याने वाजवताना तिसरी तार ट्यूनर दाखवतो त्यापेक्षा केसभर चढवून पाहा. सा-शी तिचा कंप थांबतो आणि सूर स्थिर उभा राहतो. मात्र मग पहिल्या फ्रेटचा शुद्ध गंधार जास्तच चढा लागतो. दोन्ही वापरायचे असतील तर ट्यूनरचंच ऐका.

कापसाच्या मुलखातल्या माणसाने अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या बेंटोनिया गावचा ब्लूज गायक-गिटारवादक स्किप जेम्स जरूर ऐकावा, तोही कापसाचाच मुलूख. १९३१ मध्ये त्याने विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टन इथे पॅरामाउंट कंपनीसाठी ध्वनिमुद्रणं केली. त्यातली बरीच गिटारगाणी याच सुरावटीच्या ट्यूनिंगची. पुढे तीसेक वर्षं तो जवळजवळ विस्मरणात गेला आणि १९६४ मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात पुन्हा लोकांसमोर आला. त्याच्या बोटांकडे लक्ष द्या: मोकळ्या तारा तो फार झोडपत नाही, एकेक तार वेगळी बोलू देतो.

भजनात साथ करायची असेल तर आधी गायकाची पट्टी विचारा. पांढरी दोन असेल तर तुम्ही तयारच आहात. काळी दोनला पहिल्या फ्रेटवर कॅपो, पांढरी तीनला दुसऱ्या. काळी एक असेल तर कॅपोचा उपयोग नाही, सहाही तारा अर्धा स्वर उतरवाव्या लागतात. ते काम घरूनच करून जा, खंजिरी सुरू झाल्यावर कान लागत नाही. आणि उन्हाळ्यात गिटार टिनाखाली ठेवू नका. तारा तापून उतरतात ते परवडतं, ब्रिजचा डिंक सुटला तर नाही.