वाचकांचे प्रश्न : उभ्या गाडीच्या ऑइलचा हिशेब

प्रश्न : आमच्याकडे एकाच मॉडेलचे दोन बीएस-४ (बीएस-६ च्या आधीच्या प्रदूषण मानकाचे) ट्रेलर आहेत. एक कळंबोलीच्या लोखंड बाजारातून इंदूरकडे माल नेतो, दुसरा न्हावा-शेवा बंदर आणि तळोजा यांच्यामध्ये कंटेनरच्या फेऱ्या मारतो. दोन्ही गाड्यांचे इंजिन ऑइल आणि फिल्टर आम्ही ४०,००० किलोमीटरला बदलतो. इंदूरच्या गाडीने पाच वर्षांत तक्रार केली नाही. बंदरावरच्या गाडीचे ऑइल मात्र डांबरासारखे निघते, आणि गेल्या महिन्यात तिचे बेअरिंग गेले. मिस्त्रींच्या मते ऑइल नकली आहे, परंतु दोन्ही गाड्यांना एकाच बॅरलमधले ऑइल घातले जाते. दोष कशात असावा? (एक वाचक, कळंबोली)

उत्तर : एकाच बॅरलमधले ऑइल एका गाडीत टिकते आणि दुसरीत टिकत नाही, हे आपण स्वतःच लिहिले आहे. तेव्हा ऑइलवरचा संशय आधी बाजूला ठेवावा. फरक आहे तो मीटर न फिरता इंजिन किती वेळ चालते यात. बंदराच्या फाटकाबाहेर, सीएफएसच्या (बंदराबाहेरील कंटेनर गोदामाच्या) रांगेत आणि उरण फाट्यावरच्या कोंडीत ट्रेलर तासन्तास उभा असतो. केबिनमधला पंखा चालावा, हवेचे प्रेशर उतरू नये, रांग पुढे सरकली की लगेच गाडी काढता यावी म्हणून चालक इंजिन बंद करत नाही. त्यात चालकाची चूक आहे असे मी म्हणणार नाही. मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाने दुसरे काय करावे?

इंजिनाच्या आत त्या वेळात काय घडते ते पाहू. आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना, सिलिंडर पुरेसा तापत नाही, त्यामुळे डिझेल पूर्ण जळत नाही. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांच्या कडेने खाली उतरून चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाच्या टाकीतल्या) ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल पातळ करते. अर्धवट जळण्यातून काजळी तयार होते. ज्वलनातून निर्माण होणारी पाण्याची वाफ ऑइल नीट तापले तर उडून जाते, थंड ऑइलात मात्र ती साचून राहते आणि आम्ल तयार होण्यास मदत करते. ऑइलमध्ये आम्ल मारणारी आणि काजळी सुटी-सुटी धरून ठेवणारी रसायने घातलेली असतात, पण त्यांचा साठा मर्यादित असतो. तो संपला की काजळीचे कण एकमेकांना चिकटून गोळे होऊ लागतात. आपल्याला जे डांबर दिसले ते हेच आहे.

फिल्टर हे का अडवत नाही, असा प्रश्न साहजिक आहे. काजळीचा सुटा कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतो आणि ऑइल फिल्टरच्या कागदातून तो सहज पार होतो. गोळे झाल्यावर मात्र तीच काजळी कागद चोंदवते, आणि मग फिल्टरमधला बायपास व्हॉल्व्ह उघडतो. इंजिन कोरडे पडू नये म्हणून केलेली ही सोय आहे. तथापि तो उघडला की न गाळलेले ऑइल थेट बेअरिंगकडे जाते, आणि डॅशबोर्डवर त्याचा कोणताही दिवा लागत नाही. ऑइलचे प्रेशर ठीक दिसत असते, म्हणून सगळे निश्चिंत असतात.

आता हिशेब मांडू. एक तास उभ्याने चाललेले इंजिन म्हणजे साधारण ४० किलोमीटरची धाव, असे देखभालीच्या कामात ढोबळ मानाने धरले जाते. आपला बंदरावरचा ट्रेलर महिन्याला ४,००० किलोमीटर धावतो आणि महिन्याच्या २५ दिवसांत रोज सहा तास रांगेत चालू असतो असे धरले, तर १५० तास, म्हणजे आणखी ६,००० किलोमीटर होतात. मीटरवर ४०,००० दिसेपर्यंत इंजिनाच्या लेखी एक लाख झालेले असतात. कंपनीच्या पुस्तिकेतही लांब पल्ला आणि खडतर वापर यांचे कोष्टक वेगळे असते, पण ते पान फार कमी मालक उघडून पाहतात. या गाडीसाठी आपण किलोमीटरऐवजी इंजिनाचे तास मोजावेत. जीपीएसच्या अहवालातून किंवा सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवरून ते मिळतात. तोपर्यंत मुदत निम्म्यावर आणावी, म्हणजे २०,००० किलोमीटरला ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलावेत. नव्या ऑइलला जुना फिल्टर लावणे म्हणजे धुतलेल्या भांड्यात उष्टे पाणी भरणे होय.

बेअरिंग गेले आहे, म्हणून आणखी एक काम आग्रहाने सांगतो. काढलेला फिल्टर फेकू नये, तो कापून पाहावा. हॅकसॉने कापू नये, कारण पत्र्याचा कीस आत पडतो आणि मग कोणती चकाकी कुठली हे कळत नाही. फिल्टर कापण्याचा चाकाचा कटर मिळतो, तो वापरावा. आतला कागद घड्या उलगडून उन्हात धरावा. काही वर्षांपूर्वी तुर्भ्याला माझ्यासमोर अशी एक घडी उलगडली, तेव्हा काळ्या चिकट थरात जरीच्या धाग्याचा चुरा सांडावा तसे तांबूस कण चमकत होते. चुंबक फिरवला तर ते हलले नाहीत. चुंबकाला चिकटला असता तर तो लोखंडाचा कीस, म्हणजे लायनर (सिलिंडरचे अस्तर), रिंग किंवा गिअरचा; न चिकटणारा तांबूस कण बेअरिंगच्या थराचा. त्या गाडीचा चेंबर त्याच संध्याकाळी उतरवला गेला, बेअरिंग बदलली गेली आणि क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) वाचला. शक्य असेल तर ऑइल बदलताना नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. गरम इंजिनातून धार सुरू झाल्यावर, सुरुवातीचा गाळ वाहून गेल्यानंतर, स्वच्छ बाटलीत सुमारे १०० मिलिलिटर धरावे. अहवालात काजळी, डिझेलचे प्रमाण, शिल्लक आम्लरोधक शक्ती आणि धातूंचे प्रमाण येते, आणि मुदत २० हजार ठेवावी की २५ हे त्यावरून ठरवता येते.

रोजच्या पाहणीत डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात डिझेल किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) उतरलेले असते. डिझेलचा वास येतो. पाणी असेल तर रंग दुधाळ होतो, आणि तशी गाडी फेरीवर पाठवू नये.

प्रश्न : आमचे डंपर घोडबंदर रस्त्यालगतच्या बांधकामांवर खडी आणि माती वाहतात. चालक रोज संध्याकाळी एअर फिल्टर काढून टायरच्या दुकानात हवा मारून घेतात. इतकी काळजी घेऊनही दीड वर्षात एक इंजिन ऑइल पिऊ लागले आणि टर्बोची (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची) पाती झिजलेली निघाली. असे का व्हावे? (एक वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : बहुतेक नुकसान त्या रोजच्या सफाईनेच केले आहे. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा दाब ट्रकच्या टायरसाठी असतो. फिल्टरच्या कागदाला तो सोसत नाही. कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात, आणि फिल्टर स्वच्छ दिसू लागतो कारण धूळ आता त्यातून आत जाते. शिवाय प्रत्येक वेळी फिल्टर काढताना डब्याच्या काठावरची धूळ थोडी तरी आतल्या बाजूला पडते, आणि शेवटच्या रबरी कडेची बैठक सैल होते. धुळीचा पातळ थर बसलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक गाळतो, ही गोष्ट चालकांना पटवून द्यावी लागेल.

म्हणून फिल्टर दिवसाच्या हिशेबाने काढू नये. फिल्टर चोंदल्याचे दाखवणाऱ्या रिस्ट्रिक्शन इंडिकेटरची लाल खूण दिसली तरच काढावा. रोज करायचे काम एवढेच, की डब्याच्या तळाला असलेला रबरी व्हॉल्व्ह बोटांनी दाबून साचलेली धूळ खाली पाडावी. पुस्तिकेत हवा मारण्यास परवानगी असेल तर ती आतून बाहेर, नोझल दूर धरून आणि तिथे दिलेल्या दाबाच्या आतच मारावी. आतला लहान सुरक्षा फिल्टर कधीही साफ करू नये, तो थेट बदलावा.

टर्बोची पाती झिजली आहेत, त्यामुळे उरलेल्या डंपरांचीही आजच एक तपासणी करावी. फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा रबरी पाइप सोडवून आत पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर राखाडी पीठ आले तर फिल्टरनंतर कुठेतरी हवा शिरते आहे. बहुधा क्लॅम्प ढिला असतो, किंवा पाइपच्या वळणाच्या खालच्या बाजूला चीर असते, जी पाइप हाताने वाकवल्याशिवाय दिसत नाही. ऑइलच्या अहवालात सिलिकॉन वाढलेले आले तर तीही बहुतांशी याच धुळीची खूण असते. खडीची धूळ सिलिंडरमध्ये पॉलिश पेपरसारखी काम करते, आणि एकदा लायनर झिजला की तो ऑइल बदलून भरून येत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या भाजीच्या गाडीचा डिझेल फिल्टर महिन्याभरातच चोंदतो आणि कसारा घाटात गाडी दम टाकते. पंप बदलून पाहिला, फरक नाही. (एक वाचक, तुर्भे)

उत्तर : पंपापेक्षा आपल्या टाकीकडे पाहावे. अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी रात्रभर उभी राहिली तर दमट हवेतले पाणी टाकीच्या पत्र्यावर धरते आणि तळाशी जाते, म्हणून पावसाळ्यात टाकी मुक्कामाला पोचल्यावर भरावी, निघताना नव्हे. झाकणाचे रबर तपासावे. डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या वॉटर सेपरेटरचा खालचा नॉब रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी उघडून पारदर्शक बाटलीत धार धरावी आणि निव्वळ डिझेल येऊ लागले की बंद करावा. पाणी आणि डिझेल जिथे मिळतात तिथे जंतू वाढून तपकिरी चिकट गाळ होतो. फिल्टरवर तो आढळला तर टाकी उतरवून धुतल्याशिवाय सुटका नाही.

नवा डिझेल फिल्टर बसवताना कॅनमधले डिझेल त्यात ओतून भरण्याची सवय मात्र सोडावी. ते डिझेल गाळलेले नसते आणि मधल्या छिद्रात पडले तर थेट इंजेक्टरकडे जाते. कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनात दाब १,६०० बार किंवा त्याहून अधिक असतो आणि इंजेक्टरमधली फट काही मायक्रॉनची. तिथे एक कणही महागात पडतो. फिल्टर कोरडा बसवून हँड पंपाने भरावा, पाच मिनिटे जास्त लागली तरी चालतील.

प्रश्न : बीएस-६ गाडीत जुन्या गाड्यांचे सीआय-४ (ऑइलचा जुना दर्जा) ऑइल चालेल का? आणि काढलेले काळे ऑइल कोणाला द्यावे? (एक वाचक, वागळे इस्टेट)

उत्तर : चालणार नाही. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ ट्रकांना सायलेन्सरच्या मार्गात काजळी पकडणारा डीपीएफ असतो. ऑइल जळून उरणारी राख त्यात कायमची साचते, म्हणून कमी राखेचे, सामान्यतः सीके-४ दर्जाचे ऑइल लागते. जुन्या गाडीत सीके-४ बहुधा चालते, उलटे चालत नाही. डब्यावर १५डब्ल्यू-४० लिहिलेले असणे पुरेसे नाही. तो केवळ जाडीचा आकडा आहे, दर्जा शेजारी वेगळा छापलेला असतो. रिकामा डबा भोक पाडूनच भंगारात द्यावा, अन्यथा तोच डबा पुन्हा भरून आपल्याकडे येऊ शकतो.

काळे ऑइल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांखाली येते आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच देता येते. ते विटभट्टीला किंवा शटरिंगच्या फळ्यांना लावण्यासाठी विकू नये, आणि गॅरेजमागच्या नाल्यात तर एक तांब्याही ओतू नये. वागळे इस्टेटचा नाला असो वा तुर्भ्याचा, पाणी शेवटी ठाण्याच्या खाडीला मिळते. २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली ही खाडी आहे. हिवाळ्यात ऐरोलीच्या बाजूने फ्लेमिंगो ज्या चिखलात चोच घालतात, तो चिखल ऑइलचा थर धरून ठेवतो. झाकणाच्या पिंपात ते साठवावे, त्यात कूलंट किंवा थिनर मिसळू नये, आणि उचलून नेणाऱ्याकडून पावती घेऊन ती सर्व्हिसच्या वहीतच लावून ठेवावी.