कासच्या गवतात दिसणारी पांढरी आमरी (ऑर्किड) कोणती? कंद आणून घरी लावता येईल का?

ती बहुधा हॅबेनारिया, म्हणजे हबे आमरी. आमरी म्हटली की झाडावर वाढणारी, असं आपल्याला वाटतं. ही मात्र जमिनीतली, ओलसर गवताळ पठारांवरची. पाऊस सुरू झाला की कंदातून कोंब फुटतो आणि पावसाळा सरला की वरचं सगळं वाळून जातं. उरतो तो मातीतला कंद. हिच्या अनेक जाती आहेत. त्यातल्या ग्रँडिफ्लोरिफॉर्मिसला सहसा एकच पान, तेही जमिनीला चिकटलेलं. ती जून-जुलैतच फुलते. ऑगस्ट-सप्टेंबरात एकाच बाजूला ओळीनं फुलं दिसली, तर ती टूथब्रश आमरी, हॅबेनारिया हेनेआना.

फुलाला मागे लांब, पोकळ नळी असते. मध तिच्या तळाशी. लाँगिकॉर्निक्युलाटा या जातीची नळी तर बोटाहून लांब! लांब सोंडेचा पतंगच तिथवर पोचतो, आणि जाताना परागांचे पुंजके चिकटवून नेतो.

कंद मात्र कृपया उपटू नका. या आमरीच्या धुळीसारख्या बियांत अन्नसाठाच नसतो. मातीतल्या बुरशीच्या साथीशिवाय त्या निसर्गात रुजत नाहीत. म्हणजे उपटलेल्या कंदाची जागा नवं रोप सहज घेत नाही. आणि ती माती कुंडीत कुठून आणणार? फोटो काढा, आणि पाय जपून टाका, कळ्या न आलेली रोपं गवतात दिसतही नाहीत.