आइस हॉकी खेळताना अर्धा व्हायझर (हेल्मेटला लावलेली, डोळ्यांपुढची पारदर्शक ढाल) पुरेसा आहे, की पूर्ण चेहरा झाकणारी जाळी लावावी?

पूर्ण जाळी किंवा पूर्ण पारदर्शक ढालच लावावी, कारण अर्धा व्हायझर डोळ्यांचे बऱ्यापैकी रक्षण करत असला, तरी ओठ, दात आणि जबडा त्याच्याखाली उघडेच राहतात. पक ही सुमारे १७० ग्रॅम वजनाची कडक रबरी चकती असते, आणि समोरच्याची उचललेली स्टिक तर खालून वर येत थेट व्हायझरच्या कडेखाली शिरते. कॅनडातील विद्यापीठीय खेळाडूंच्या १९९७-९८ च्या हंगामाचा अभ्यास १९९९ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात पूर्ण ढाल वापरणाऱ्यांच्या चेहऱ्याच्या व दातांच्या दुखापती बऱ्याच कमी आढळल्या, आणि मानेच्या दुखापती किंवा मेंदूला बसणारे हादरे वाढल्याचे मात्र दिसले नाही. त्यामुळे ‘जाळीने मान दुखावते’ ही भीती मनातून काढून टाकावी. व्यावसायिक खेळाडूंकडे बोट दाखवून अर्ध्या व्हायझरचे समर्थन करणेही मला पटत नाही, कारण एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगने साधा व्हायझरसुद्धा २०१३-१४ च्या हंगामापासून, तोही केवळ नवख्या खेळाडूंसाठी, सक्तीचा केला. एक मर्यादा मात्र ध्यानात घ्यावी: जाळी चेहरा वाचवते, डोक्याला बसणारा हादरा थांबवत नाही, आणि तिचा हनुवटीकडचा कप नीट टेकलेला नसेल किंवा पट्टा सैल असेल, तर फटक्यासरशी तिचीच खालची कड तोंडावर आदळू शकते.