हॉस्पिस: घरच्यांचे प्रश्न आणि उत्तरं

वडिलांचा कर्करोग पसरला आहे आणि डॉक्टरांनी हॉस्पिस सुचवलं. म्हणजे आता उपचार बंदच का?

हॉस्पिस म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णाला आराम देणारी सेवा. तिच्यात रोग हटवण्यासाठीचे उपचार थांबतात. वेदना, धाप, मळमळ, उडालेली झोप, मनातली भीती यांवरचे उपचार मात्र पूर्वीपेक्षा बारकाईने होतात. ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं. शरीराचं दुखणं, मनाची घालमेल, घरच्यांची चिंता आणि श्रद्धेचे प्रश्न यांची मिळून एकच वेदना होते, असं त्या सांगत. हे काम आजही त्याच पायावर चालतं, आणि पुष्कळदा ते रुग्णाच्या घरीच होतं.

हॉस्पिसला बोलवायला उशीर करू नका. औषधाचा डोस नीट बसायलाच काही दिवस लागतात. अखेरच्या दोन-तीन दिवसांत बोलावलं, तर तेवढीही सवड मिळत नाही.

आईला मॉर्फिनचं पातळ औषध दिलं आहे. सवय लागेल या भीतीने आम्ही फार दुखलं तरच देतो. चालेल ना?

नाही, आणि यात हाल आईचे होतात. लगेच काम करणाऱ्या मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ते सहसा दर चार तासांनी लिहून देतात. दुखणं परत येण्याची वाट पाहिली, तर ते खाली आणायला जास्त औषध लागतं आणि गुंगीही जास्त येते. डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसमध्ये, दुखण्यासाठी दिलेल्या मॉर्फिनने मरण लवकर येत नाही. शरीराला त्याची सवय होते हे खरं, म्हणूनच ते एकदम बंद करायचं नसतं. पण ते व्यसन नव्हे.

मधेच कळ आली तर जादा डोस असतो. तो बहुधा दिवसभराच्या एकूण मॉर्फिनच्या सहाव्या हिश्श्याएवढा ठरवतात: दिवसाला ६० मिलिग्रॅम चालू असेल, तर १० मिलिग्रॅम. नेमका आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. वेळ, डोस आणि तासाभराने किती आराम पडला, हे वहीत टिपत जा. जादा डोस वारंवार लागू लागला, तर नेहमीचाच डोस वाढवायची वेळ आली आहे, आणि तो निर्णय या वहीवरूनच होतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते शौचाकडे. मॉर्फिनमुळे आतडी मंदावतात, म्हणून आतड्यांची हालचाल वाढवणारं रेचक पहिल्या दिवसापासूनच विचारून घ्या. नुसता कोंडा किंवा चोथा वाढवू नका. पाणी कमी पिणाऱ्या माणसाला तो उलट अडकतो. मळमळ आणि पेंग बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. पण हाक मारूनही जाग येत नसेल, श्वास फार मंदावला असेल, हातपाय झटके देत असतील किंवा नसलेलं दिसू लागलं असेल, तर लगेच फोन करा. मूत्रपिंडं थकली की औषध अंगात साठतं. आणि दीर्घकाळ काम करणारी गोळी कधीही कुटू नका. बारा तासांचा डोस एकदम अंगात जातो.

आजोबांनी जेवण सोडलं आहे. उपाशी कसं ठेवायचं?

शरीर विझत आलं की भूक आधी जाते. जेवण सुटल्यामुळे ते जात नाहीत. अखेर जवळ आल्यामुळे जेवण सुटतं. बळेच भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. मागतील तेवढंच, चमचाभर, त्यांना उठवून बसवून द्या. तोंड मात्र कोरडं पडू देऊ नका: दर एक-दोन तासांनी ओल्या स्पंजने आतून पुसा, ओठांना मलम लावा. भरवणाऱ्या हातांना हे काम देता येतं, आणि रुग्णाला त्याचा खरोखर आराम पडतो.

घशातली घरघर ऐकवत नाही.

गिळणं थांबल्यामुळे लाळ साचते. त्या अवस्थेत रुग्णाला तिचा त्रास सहसा जाणवत नाही. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच करा. नळी खोल घालून ओढू नका, तिनेच त्रास होतो. स्राव कमी करणारी औषधं मिळतात.

शेवटच्या क्षणी कुणाला बोलवायचं?

हे आत्ताच ठरवा. हॉस्पिसचा रात्रीचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. घाबरून रुग्णवाहिका बोलावली, तर रुग्णाला नको असलेलं छाती दाबणं आणि नळ्या घालणं सुरू होऊ शकतं. त्यांची इच्छा लेखी असेल, तर तो कागद पलंगाजवळ ठेवा. श्वास थांबल्यावर घाई काहीच नसते: वेळ टिपा, हॉस्पिसच्या नर्सला कळवा आणि आपल्या माणसाजवळ बसून राहा.